आरशातून शिकलेला काता

स्पर्धा जवळ आली की गल्लीतल्या लाँड्रीत पांढऱ्या ड्रेसांचा ढीग लागतो. कराटेचे ड्रेस. प्रत्येकाबरोबर एकच निरोप असतो, "बाह्यांना कडक स्टार्च." जाड कापडात स्टार्च नीट बसला की हात फेकताना बाही फट्‌ असा आवाज करते आणि तो आवाज पंचांच्या टेबलापर्यंत जातो. हातात जोर किती होता ते लांबून कळत नाही, आवाज कळतो. त्या स्पर्धांमध्ये पडणाऱ्या टाळ्यांचा बराचसा भाग या लाँड्रीतल्या इस्त्रीखालून निघालेला असतो, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ताई म्हणते. वय पन्नाशी ओलांडलेलं, उंची बेताची, चष्मा वाफेने कायम धुरकटलेला. त्यांचा स्वतःचाही एक कराटेचा ड्रेस आहे. तो इतका धुतला गेलाय की उशीच्या अभ्र्यासारखा मऊ झालाय. त्याला त्या स्टार्च लावत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, "त्यात मला हलायचं असतं. आवाज करायला नवरा आहे."

नवरा मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं सांभाळतो. यंत्रांवर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे तो मीठसुद्धा ओरडून मागतो.

कराटेचा वर्ग लाँड्रीच्या बरोबर समोर आहे. गल्ली अरुंद, वर्गाचं दार रुंद आणि उन्हाळ्यात सताड उघडं. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहिलं की नजर सरळ त्या दारातून आत जाते. पण दाराच्या आत एक लाकडी आडोसा आहे, चपला-बूट ठेवायला केलेला. त्यामुळे प्रत्यक्ष मुलं दिसत नाहीत. दिसते ती आतली भिंत, आणि भिंतीत हलणारी मुलं. त्या भिंतीला ताई कितीतरी वर्षं काच समजत होत्या आणि काचेपलीकडे मोठा हॉल आहे, तिथे वर्ग चालतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

सुरुवात पोटऱ्यांपासून झाली. दिवसभर एका जागी उभं राहून पोटऱ्या भरून येत. समोरची मुलं गुडघे वाकवून रुंद उभी राहतात ते पाहून ताईंनी तसं उभं राहून इस्त्री करून बघितली. बरं वाटलं. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना एखादं वळण, एखादा हात. मुलं एकच काता पुन्हा पुन्हा करत असत. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची एक लांब ओळ. समोर कुणी नसतं. आहे असं धरून अडवायचं, मारायचं, वळायचं, की दुसऱ्या बाजूने दुसरा येतो. ताईंनी तो तुकड्यातुकड्याने उचलला आणि काही महिन्यांनी इस्त्रीचं टेबल भिंतीला सरकवून त्या तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू लागल्या. नवऱ्याने एकदा मागच्या दारातून डोकावून पाहिलं आणि ओरडून विचारलं, "पाल आहे का?"

एके दिवशी धुतलेले ड्रेस पोचवायला त्या समोर गेल्या. वर्गाचे सर बारीक अंगाचे, कमी बोलणारे. ताईंनी गाठोडं ठेवलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "पलीकडचा हॉल केवढा मोठा आहे हो तुमचा!"

"कुठला पलीकडचा?"

"तो काय, काचेच्या पलीकडचा."

सरांनी भिंतीकडे पाहिलं, मग ताईंकडे. "ताई, तो आरसा आहे. पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे."

ताई मोठ्याने हसल्या. त्यांचं हसणं ऐकून बुटांच्या आडोशामागून दोन मुलांनी माना काढल्या. हसण्याच्या भरातच त्यांनी सांगून टाकलं की गेली इतकी वर्षं त्या काचेतून आपण काता शिकत आलो आहोत. सर म्हणाले, दाखवा. ताईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि करून दाखवला.

पहिल्याच हाताला सरांच्या भुवया वर गेल्या. काता पूर्ण होता. कुठे घाई नव्हती, कुठे काही सुटलं नव्हतं. पण पहिल्या वळणापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत सगळं उलटं होतं. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं, आरशात दिसतं तस्सं. सर उठून त्यांच्या समोर तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा करा, माझ्याबरोबर." दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली. सर जिकडे गेले तिकडे ताई गेल्या, सर वळले तेव्हा ताई वळल्या. मुलं टाळ्या पिटू लागली. सरांना आपलंच प्रतिबिंब लाँड्रीच्या एप्रनमध्ये दिसत होतं.

"सुधारायला हवं," ताई ओशाळून म्हणाल्या.

"घाई नाही," सर म्हणाले. "उद्यापासून संध्याकाळी या. नव्या पोरांसमोर उभ्या राहा."

नवी पोरं म्हणजे सात-आठ वर्षांची. त्यांना शिकवणाऱ्याची एक जुनी पंचाईत असते. मुलांकडे तोंड करून उजवा हात उचलला की मुलं डावा उचलतात. पाठ करून उभं राहिलं तर मागे कोण काय करतंय ते दिसत नाही, आणि तेवढ्यात दोघं एकमेकांना चिमटे काढून मोकळे होतात. ताई मुलांकडे तोंड करून आपला उलटा काता करू लागल्या आणि मुलं त्यांच्याकडे बघून सुलटा शिकली. डावं-उजवं हे शब्दसुद्धा उच्चारावे लागले नाहीत. चुकलेल्याला त्या भुवईने ताळ्यावर आणत. काही महिन्यांत छोट्यांचा वर्ग त्यांचाच झाला. संध्याकाळी इस्त्रीचं बटण बंद करून गल्ली ओलांडताना त्या केस नीट करतात, हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. लग्नाला निघाल्यासारखी निघते, असं तो गिऱ्हाइकांना ओरडून सांगे.

पट्ट्यांच्या परीक्षाही त्यांनी दिल्या, पण त्यांच्या पद्धतीने. सर खुर्ची आरशाकडे वळवून, ताईंकडे पाठ करून बसत आणि आरशात बघून गुण देत. आरशात काता बरोबर दिसे. नियमात कुठे लिहिलं होतं की परीक्षकाने थेट बघावं?

असं छान चाललं असताना कराटे संघटनेचं पत्रक आलं. यापुढे वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मान्यताप्राप्त स्पर्धेत काता पूर्ण केलेला असला पाहिजे. जिंकण्याची अट नव्हती. पण बाद झाला तर तो धरला जाणार नव्हता. आणि उलटा काता म्हणजे पहिल्या वळणालाच बाद, याबद्दल दुमत असायचं कारण नव्हतं. पुढची स्पर्धा उन्हाळ्याच्या शेवटी होती. तिथे नाही जमलं तर छोट्यांचा वर्ग ताईंच्या हातून जाणार होता.

"मी दुसरं कुणी बघेन तात्पुरतं," सर चाचरत म्हणाले.

"बघू नका," ताई म्हणाल्या. "चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या गटात माझं नाव घाला."

आता ताईंच्या भाचीबद्दल सांगायला हवं, कारण तयारी करून घ्यायचं काम तिने अंगावर घेतलं. ताईंच्या बहिणीची मुलगी. एका चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवते आणि सुट्टीच्या दिवशी कात्याच्या स्पर्धा मारते. तिच्या घरी कपाटावर इतके कप आहेत की तिची आई त्यातल्या एकात चमचे ठेवते. भाचीचा काता बघण्यासारखा असतो यात वाद नाही. हात फेकण्याआधी ती इतका वेळ रोखून बघते की बघणारा श्वास धरतो. आरोळी दिली की छतावरची कबुतरं उडतात. मान वळवते ती वेणीसकट. आणि बाह्यांचा फट्‌ तर मावशीच्याच हातचा.

पहिल्या दिवशी दुपारी लाँड्रीचं शटर अर्धं ओढून दोघी उभ्या राहिल्या. भाची म्हणाली, "मावशी, आधी तुझं ते तोंड बदल."

"का, काय झालं तोंडाला?"

"काता करताना तू भाजी निवडल्यासारखी दिसतेस. जरा जळजळीत बघ. समोर शत्रू आहे."

"शत्रूकडे बघून मी तोंड कशाला वाकडं करू? त्याला कळेल ना."

"पंचांना कळायला हवं गं! तू काता करतेस की चादरीची घडी घालतेस?"

"घडी वाकडी पडली तर गिऱ्हाईक परत आणतं," ताई म्हणाल्या. "तुझा हात वाकडा गेला तर कोण आणतं?"

तोंडाचं प्रकरण बाजूला ठेवून दोघी मुख्य कामाला लागल्या, म्हणजे डावं-उजवं. आणि इथे ताई पार गळपटल्या. बोलून दाखवलं की त्या बरोबर सांगत, पाय उचलला की तो आपल्या मार्गाने जाई. भाचीने त्यांच्या डाव्या बाहीला लाँड्रीचा लाल बिल्ला पिनेने लावला. ताई त्या बिल्ल्याकडे बघत बघत उजवीकडे वळल्या. आरसा आणून ठेवायची आयडिया नवऱ्याची. त्यात बघून ताईंनी काता केला, आरशात तो अगदी बरोबर दिसला, नवऱ्याने "झालं की!" म्हणून ओरडून जाहीर केलं आणि भाचीने कपाळाला हात लावला.

आठवडाभर असं चाललं. रोज संध्याकाळी ताई छोट्यांसमोर जात आणि तिथे त्यांचं शरीर खुशाल उलटं वाहत राही. दुपारी जेवढं उसवलं तेवढं संध्याकाळी पुन्हा शिवलं जाई. शेवटी त्या एका शनिवारी म्हणाल्या, "नाही जमत बाई. माझ्या पायांना कुणी सांगून ठेवलंय कोण जाणे."

शटरखालून सर वाकून आत आले होते, आपला शर्ट न्यायला. ते शर्ट घेऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, पहिला हात तुम्ही का वळवता?"

"कुणीतरी मारायला येतं म्हणून."

"कुठून येतं?"

ताईंनी क्षणाचाही विचार न करता बोट दाखवलं. "रस्त्याच्या दारातून."

"दुसरा?"

"घडीच्या कपड्यांच्या फळीकडून. तिसरा यांच्या खुर्चीतून उठतो."

"माझ्या?" नवरा आतून ओरडला.

सर हसले, हे त्यांच्याकडून क्वचित होणारं काम. "मग डावं-उजवं सोडून द्या. ही माणसं फक्त दुसरीकडे राहायला पाठवा." आणि स्पर्धा होईपर्यंत छोट्यांचा वर्ग आपण घेऊ असं सांगून, शर्ट घेऊन ते गेले.

आता समजलं की ताई काता करत होत्या तो हवेत नव्हता. इतक्या वर्षांत त्यांच्या मनातले ते सगळे हल्लेखोर लाँड्रीत घर करून राहिले होते. एक दाराशी, एक फळीशी, एक खुर्चीत. ताई वळत त्या पायाच्या सवयीने नव्हे, तर तिथून माणूस येतो म्हणून. त्यांची घरं बदलायची होती, एवढंच.

मग लाँड्रीत जी धमाल सुरू झाली ती गल्लीतल्या लोकांनी शटरखालून वाकून पाहिली. रस्त्याच्या दारातला पहिला मनुष्य यंत्रांच्या खोलीच्या दारात हलवला. तो झाला नवरा, हातात उशी घेऊन. फळीवरचा विरुद्ध बाजूला गेला, ती झाली भाची, चादरीचं गाठोडं घेऊन. खुर्चीतला समोरूनच येत होता, तो राहिला जागेवर. ताई मध्ये. पहिल्या फेरीत ताई सवयीने रस्त्याकडे वळल्या आणि पाठीत उशी बसली. दुसऱ्या फेरीत नवरा इतका उत्साहाने आला की उशीचा अभ्रा सुटून कापूस उडाला. पाचव्या-सहाव्या फेरीला ताई बरोबर बाजूला वळल्या. नवऱ्याचा हात अडला, उशी उडाली आणि तो खाली बसला.

"लागलं का हो?"

"अगं, खरंच मारतेस की काय!"

"तुम्हीच आलात ना धावत."

भाचीची पाळी आली. ती आपल्या ढंगात आली. आधी रोखून पाहिलं, मग खोल श्वास, मग वेणी झटकली. ती पाय उचलणार तोवर मावशीची मूठ तिच्या बरगडीला टेकून थांबली होती.

"मी तयार नव्हते!"

"येणारा काय पत्र टाकून येतो?"

"पुन्हा."

पुन्हा केलं. या वेळी भाची नुसती आली, सरळ. मावशीने एका हाताने तिची बाही धरून कमरेकडे ओढली आणि दुसरा हात पुढे गेला. भाची तशीच ओढली जाऊन थांबली. कमरेपाशी ओढलेल्या त्या हाताकडे ती बघत राहिली. हा हात ती लहानपणापासून करत आली होती. मूठ झटकन कमरेला आणायची, बाही वाजते. तो मागे का येतो हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"मावशी, हा ओढायचा हात आहे?"

"मग काय? मला तर कायम असंच वाटलं. यंत्रातून ओली चादर ओढतो ना, तसं. एका हाताने ओढ, दुसरा मोकळा."

"आणि मी त्याच्याने इतकी वर्षं नुसता आवाज काढला!" भाची खाली बसून हसत सुटली. मग उठून म्हणाली, "परत ओढ. जोरात."

त्या दुपारपासून भाची रोज येऊ लागली, दुकानातून परस्पर. ती मावशीला शिकवायला येते की स्वतः शिकायला, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. पण ती बदलून गेली असं समजायचं कारण नाही. एकदा ताईंनी सहज विचारलं, "मग आता तू पण माझ्यासारखा साधा करणार का?"

"छे! मला टाळ्या आवडतात."

"मग घे की. टाळ्या काय वाईट असतात? मला फक्त त्या कशाला पडतात ते ठाऊक असावं, इतकंच." आणि त्यांनी भाचीच्या ड्रेसला नेहमीपेक्षा कडक स्टार्च दिला.

स्पर्धेच्या दिवशी मोठ्या बंदिस्त मैदानात चार आखाडे आखले होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मलमाचा वास, सारखा खरखरणारा माईक. सगळीकडून बाह्यांचे फटाके. ताई कोपऱ्यात बसून कान देऊन ऐकत होत्या. "तो निळ्या पट्ट्याचा ऐका," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "डावी बाही बोदी वाजते. माझ्याकडून घाई झाली." नवऱ्याने त्या दिवसापुरतं कुजबुजायचं कबूल केलं होतं. त्याची कुजबुज तीन रांगांपर्यंत ऐकू गेली.

चाळिशीपुढच्या गटात मोजक्याच बायका होत्या. एक दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी अशी आरोळी दिली की शेजारच्या आखाड्यातला मुलगा आपला काता विसरला. एक बस चालवणाऱ्या बाई होत्या. त्या शेवटच्या हाताला इतका वेळ थांबल्या की पंचाने घड्याळाकडे पाहिलं. लोकांनी दोघींना भरभरून टाळ्या दिल्या.

ताईंचं नाव पुकारलं. त्या आखाड्यात गेल्या, नमस्कार केला आणि मग काहीच केलं नाही. नुसतं आजूबाजूला पाहिलं. भाची खुर्चीवरून अर्धी उठली. तिला वाटलं, मावशी अडकली. ताई अडकल्या नव्हत्या. त्या माणसांना बसवत होत्या. इथे यंत्रांची खोली नव्हती, फळी नव्हती. पहिल्याला त्यांनी पाण्याच्या पिंपाशी उभं केलं. दुसऱ्याला माईकवाल्याच्या टेबलाशी. तिसऱ्यासाठी खुर्ची लागतेच, म्हणून त्याला मुख्य पंचांच्या मांडीवर बसवलं. सगळे जागेवर गेल्यावर त्यांनी सुरुवात केली.

पिंपाकडून आला, अडवला. टेबलाकडून आला, ओढला, मारला. त्यांचा मऊ ड्रेस काही बोलत नव्हता. कुठे थांबल्या नाहीत, कुठे डोळे वटारले नाहीत. बघणाऱ्यांना कशावर टाळी वाजवावी ते कळेना. पण भाचीने पाहिलं, मावशी बरोबर बाजूला वळते आहे, प्रत्येक वेळी. तिने काकांचा हात इतका दाबला की काका कुजबुजायचं विसरून "अगं आई!" असं ओरडले.

आणि मग आली आरोळी. कात्यात ती सक्तीची असते. मधल्या एका हाताला पोटातून आवाज काढायचा. भाचीने सगळी तालीम करून घेतली होती, ही सोडून. लाँड्रीत आरोळी कोण देणार, बाहेर गिऱ्हाईक उभं असतं! ताईंनी इतकी वर्षं त्या जागी जो आवाज काढला होता तोच तिथे निघाला. वाफेची इस्त्री दाबली की सुटतो तो.

"हुश्श्श!"

सगळं मैदान हसलं. छान, मोकळं हसलं. ताईंनी ते ऐकलंही नसावं. त्यांनी काता पुरा केला, नमस्कार केला, चष्मा पुसला.

पंच मात्र गुण देईनात. चौघं उठून मुख्य पंचांच्या टेबलाभोवती जमले. आरोळी नाही म्हणजे काता अपूर्ण, अपूर्ण म्हणजे बाद. भाची खुर्चीच्या कडेवर आली. सर मागे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी हाताची घडी सोडली. छोट्यांच्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर आली होती. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तीही खुर्च्यांवर उभी राहून बघू लागली.

मुख्य पंचांनी ताईंना जवळ बोलावलं. "बाई, तुम्ही आरोळी दिलीत का?"

"दिली की."

"आम्हाला ऐकू आली नाही."

"हसू तर सगळ्यांना ऐकू आलं," ताई म्हणाल्या. "माझी आली नसती तर लोक हसले कशाला?"

मुख्य पंचांनी तोंडावर हात धरला. एक पंच नियमाचं पुस्तक चाळू लागला. त्यात लिहिलं होतं: श्वास पोटातून सोडून आवाज काढावा. किती मोठा, ते लिहिलं नव्हतं. आखाड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यातून उठून आलेली तरुण पंच म्हणाली, "श्वास सोडला हे नक्की. मला वारा लागला." मुख्य पंचांनी पुस्तक मिटलं.

काता पूर्ण धरला गेला. गुण सगळ्यांत कमी पडले. चाळिशीपुढच्या गटात ताई शेवटून पहिल्या आल्या आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली. नवऱ्याने आता कुजबुजायचं कारण नाही हे ओळखून जे काही म्हटलं ते माईकनेही पकडलं. भाची दुपारी आपल्या गटात दुसरी आली. कमरेकडे ओढायचा हात तिने असा ओढला की पहिल्या रांगेतली एक बाई नकळत पुढे झुकली. त्यानंतर तिने वेणी झटकली ती झटकलीच. कप आईला चमच्यांसाठी देऊन टाकला.

सोमवारी संध्याकाळी ताईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं, केस नीट केले आणि गल्ली ओलांडली. आता त्या रीतसर शिकवणाऱ्या होत्या. छोटी मुलं रांगेत उभी होती, नेहमीपेक्षा ताठ. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ताई स्पर्धा मारून आल्या आहेत. ताईंनी मुलांकडे तोंड केलं, गुडघे वाकवले आणि म्हणाल्या, "चला. सुरू."

आणि त्या वळल्या. बरोबर बाजूला. महिनाभर रोज दुपारी उशीचा मार खाऊन शिकलेल्या बाजूला.

ज्या मुलांना काता पाठ होता ती आपल्या बाजूला गेली. जी ताईंकडे बघून करत होती ती ताईंबरोबर गेली. रांगेच्या मध्यावर दोघांची टक्कर झाली, मागच्या रांगेत एकाचा हात दुसऱ्याच्या नाकावर बसला आणि एक मुलगी चारही बाजूंनी माणसं येताहेत हे बघून खाली बसून हसू लागली. ताई थांबल्या. आपल्या पायाकडे पाहिलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. शरीर आता बरोबर शिकलं होतं आणि ऐकायला तयार नव्हतं. तिसऱ्यांदा मुलं मुद्दाम एकमेकांवर आदळली.

पुढच्या रांगेतली, दात पडलेली एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, स्पर्धेला जाऊन तुम्ही बिघडलात."

"खरं आहे गं," ताई म्हणाल्या. "आता मला काता दोन्ही बाजूंनी यायला लागणार."

त्यांनी डोळे मिटले. ती सगळी मंडळी पुन्हा लाँड्रीत परत पाठवली. एकाला रस्त्याच्या दारात, एकाला घडीच्या फळीशी, एकाला नवऱ्याच्या खुर्चीत. मग डोळे उघडून मुलांकडे पाहिलं, आणि रस्त्याच्या दिशेने वळल्या. सगळी रांग त्यांच्याबरोबर वळली.

"हुश्श्श!" मुलं एका आवाजात म्हणाली, जिथे आरोळी नव्हती तिथेसुद्धा.